आक्कांची माळ खुंटीला

"ताई, गोळ्या सुरू केल्या म्हणजे आमचा देवावरचा भरवसा कमी पडला, असं होतं का?"

मी समुपदेशक आहे, आणि मनाच्या आजारावरच्या गोळ्यांबद्दलचा हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. शब्द वेगळे असतात. कुणी विचारतं, जप वाढवला तर गोळ्या सुटतील का? कुणी दाराशी चपला काढता काढताच खात्री करून घेतं, "तुम्ही देवधर्म सोडायला तर नाही ना सांगणार?" विचारणारा अवघडलेला असतो. सासर नाहीतर माहेर, दोन्हीतलं एकच ठेव, असं कुणी बजावल्यासारखा.

याचं उत्तर मी आक्कांची गोष्ट सांगून देते. त्यांचं वय आणि घरचे काही तपशील मी बदललेत. गोष्ट सांगायला त्यांची परवानगी आहे.

२०२२ च्या जानेवारीत त्यांची सून त्यांना घेऊन आली. पुरंदर तालुक्यातलं शेतकरी घर, अंजिराची बाग. आक्का साठीच्या पुढच्या, १९ वाऱ्या पायी केलेल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचे यजमान गेले. दवाखान्यात नेलं ते नेलंच, शेवटचं तोंडही बघता आलं नाही. तेव्हापासून आक्का पहाटे तीनला उठून बसायच्या. जेवण दोन घासांवर आलं होतं. बागेत जाणं बंद, शेजारणीशी बोलणं बंद. घरचे म्हणत होते, दुःख मोठं आहे, ओसरेल हळूहळू. मग दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून देवघरातल्या खुंटीला अडकवली.

घर हादरलं ते त्या दिवशी. सात महिने बाई जेवत नव्हती, त्याची कुणाला एवढी भीती वाटली नव्हती. चुलत दीर म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे, देवऋषाला दाखवू. सून अंगणवाडीत मदतनीस आहे. ती अडून बसली, आधी डॉक्टर.

पहिल्या दोन भेटींत मी शिकले होते तसंच केलं. झोप विचारली, भूक विचारली, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तीव्र नैराश्याचं निदान केलं आणि गोळ्या दिल्या. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही लागतात, तोवर मध्येच सोडायच्या नाहीत, हे मी समजावलं. सगळं रीतसर झालं. पण माळेचं मी काहीच विचारलं नाही. आक्कांच्या उन्हानं रापलेल्या मानेवर वर्षानुवर्षांच्या माळेची फिकट रेघ होती. ती मला दोन्ही भेटींत दिसत होती. देवाचा विषय माणसाचा खासगी असतो, आपण त्यात पडू नये, असं आमच्या शिक्षणात मुरवलेलं असतं. आज मी ती माझी चूक मानते. ज्या बाईची सकाळ, जेवण, वर्षाचं वेळापत्रक, मैत्रिणी, सगळं विठ्ठलाभोवती फिरत होतं, तिच्याशी दोन तास बोलून मी विठ्ठलाचं नाव काढलं नव्हतं.

तिसऱ्या भेटीत सून म्हणाली, आई गोळ्या नीट घेत नाहीत. एकादशीला सोडल्या, मग द्वादशीलाही सोडल्या. आक्का खाली बघत म्हणाल्या,

"पापाला गोळी नसती, ताई."

मग मी विचारलं, "आक्का, विठ्ठलाशी तुमचं काय बिनसलंय?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. सुनेला बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा बोलल्या.

२०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नव्हती. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. टीव्हीवर ते बघून गावातल्या बायका रडत होत्या. आक्कांचा गुडघा दोन वर्षांपासून दुखत होता, पण वारी चुकवायची म्हणजे काय, म्हणून त्यांनी घरात कधी अवाक्षर काढलं नव्हतं. एसटी बघितली आणि त्यांच्या मनात आलं, बरं झालं, यंदा चालायला नको. एवढंच. कुणाला ऐकू गेलं नाही. पुढच्या वर्षी यजमान गेले.

"त्यानं ऐकलं," आक्का म्हणाल्या.

मी लगेच म्हणाले, "आक्का, त्या वर्षी कुणीच चाललं नव्हतं. सगळ्यांचीच वारी चुकली." त्यांनी माझ्याकडे बघितलं, लहान मुलाकडे बघावं तसं. "बाकीच्यांना रडू आलं. मला बरं वाटलं." माझा युक्तिवाद तिथंच संपला. नैराश्यातला अपराधीपणा वादात हरत नाही. माणूस ज्याला सगळ्यात जास्त मानतो, नेमका त्यालाच साक्षीला उभा करतो. लेकरांत जीव असलेली बाई म्हणते मी वाईट आई आहे, आणि माळकरी म्हणतो माझं पाप आहे. आजार तोच असतो. पण पाप म्हणणाऱ्याला "तसं काही नसतं" म्हटलं की त्याला ऐकू येतं, "तुमचा देवच नसतो."

त्याच भेटीत त्या सहज म्हणाल्या, "मला आता त्याच्याकडंच जायचंय." असं वाक्य आपल्याकडे घरोघरी म्हातारी माणसं म्हणतात, आणि ऐकणारा मान हलवून पुढे जातो. मी सरळ विचारलं, "म्हणजे जीव द्यायचा विचार येतो का?" त्यांनी मान डोलावली. फवारणीचं औषध गोठ्याशेजारच्या खोलीत आहे, हेही सांगितलं.

वाचणाऱ्यांनी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. देवाघरी जायचंय, सुटका कर, बोलावून घे, या बोलांमागे कधी नुसती भक्ती असते, कधी आत्महत्येचा विचार असतो. विचारल्याशिवाय कळत नाही. विचारल्यानं मनात नसलेला विचार भरत नाही. त्या संध्याकाळी मुलानं औषधाची खोली कुलूपबंद करून किल्ली स्वतःकडे ठेवली, सून आक्कांजवळ झोपू लागली, डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तो नंबर मी सुनेच्या फोनमध्ये भरून दिला.

आता पापाचं काय? विठ्ठलानं माफ केलं, असं मी सांगू शकत नव्हते. मला तो अधिकार नाही, आणि मी सांगितलं असतं तरी आक्कांनी मानलं नसतं. २०१६ साली जागतिक मानसोपचार संघटनेनं आपली भूमिका जाहीर केली. रुग्णाची श्रद्धा आणि अध्यात्म यांची विचारपूस ही आजाराची माहिती घेण्याचा नेहमीचा भाग असावी, आणि उपचार करणाऱ्यानं आपली मतं, धार्मिक असोत की निधर्मी, रुग्णावर लादू नयेत. दोन्ही बाजू सारख्याच महत्त्वाच्या. समुपदेशकानं सत्रात आपल्या गुरूंचं पुस्तक रुग्णाच्या हातात ठेवणं मला जितकं चुकीचं वाटतं, तितकंच श्रद्धाळू बाईला अंधश्रद्धेवर व्याख्यान देणंही. आणि ज्याचा देवावर विश्वास नाही त्याला "थोडं नामस्मरण करा, बरं वाटेल" म्हणणं हाही अन्यायच.

मी आक्कांना विचारलं, हे तुम्ही कुणाजवळ बोलाल? कुणाचं म्हणणं पटेल? त्या म्हणाल्या, दिंडीतले विणेकरी आबा.

आबांना बोलावण्याआधी मी आक्कांच्या परवानगीनं त्यांना फोन केला. काय झालंय ते सांगितलं नाही, ते आक्काच सांगणार होत्या. फक्त विचारलं, डॉक्टरांच्या औषधांबद्दल तुमचं काय मत? ते म्हणाले, "मी शुगरची गोळी घेतल्याबगर वीणा गळ्यात घालत नाही." एवढं पुरलं. गोळ्या बंद करा, माळेनं बरं वाटेल, असं ते म्हणाले असते, तर मी त्यांना बोलावलं नसतं. दुसरं कुणीतरी शोधलं असतं.

ते आक्कांच्या घरी आले. ओसरीवर सतरंजी घातली होती. मीही होते, पण बाजूला. आक्कांनी एका दमात सांगितलं, त्यांच्याकडे न बघता. आबांनी शब्दही मध्ये घातला नाही. मग स्वतःचे पाय पुढे घेऊन बघितले आणि म्हणाले,

"मलाबी वाटलं होतं. त्या वर्षी माझ्या पायाला फोड नव्हते. मी बघत बसायचो, म्हटलं कसे छान दिसत्यात."

आक्का रडल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या, असं सुनेनं मला नंतर सांगितलं. आबा उठले नाहीत. कीर्तन केलं नाही, उपदेश केला नाही. चहा दोनदा झाला.

त्या दिवसानं आक्का बऱ्या झाल्या, असं मी म्हणणार नाही. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. बागेत रोज दहा मिनिटं जायचं, हे आम्ही ठरवलं, आणि त्यातले कित्येक दिवस नुसते हुकले. पण पाप हा शब्द कमी झाला आणि गोळ्या चुकायच्या थांबल्या. एकादशीचा प्रश्न तर अगदी साध्या गोष्टीनं सुटला. डॉक्टरांनी सांगितलं, काहीतरी पोटात असलं म्हणजे झालं, शेंगदाण्याचा लाडू चालेल. हे कुणी आधी विचारलंच नव्हतं. उपास करणाऱ्या, रोजे धरणाऱ्या प्रत्येक रुग्णानं आपल्या डॉक्टरांना हे आधीच सांगावं. मनाच्या टोकाच्या चढउतारांवर देतात त्या लिथियमसारख्या औषधावर असताना पाणीही न घेता उपास केला तर रक्तातलं औषधाचं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

लोक मला विचारतात, मग देवऋषाकडे नेलं तर काय बिघडलं? श्रद्धा तीपण. मी फरक असा करते. त्या जागी माणसाला मारतात का, बांधतात का, औषध बंद करायला सांगतात का? भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरानं वा साखळीनं बांधून मारहाण करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानंही मनोरुग्णाला साखळीनं बांधायला बंदी केली. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या २८ माणसांना पळताही आलं नाही. ते आठवलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. तिथले मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, दुआ देतात आणि त्याच आवारात बसणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे माणसाला पाठवतात. म्हणजे देवाच्या दारात औषधाला जागा होऊ शकते.

अंगात येण्याचंही तसंच. जत्रेत वाऱ्यानं घुमलेली बाई सकाळी उठून भाकऱ्या थापत असेल, तिच्या माणसांना ते ओळखीचं असेल, तर मला त्यात आजार शोधायचा नाही. पण एक तरुण मुलगा चार रात्री झोपला नव्हता, देवी त्याला विहिरीत उतरायला सांगत होती, आणि त्याची आई म्हणत होती, एवढा भक्तिभाव आमच्या घरात कुणाचाच नव्हता. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात दाखल करावं लागलं.

२०२२ च्या जूनमध्ये पायी वारी पुन्हा निघाली. आक्कांनी पूर्ण वारीचा हट्ट धरला नाही. जेजुरी ते वाल्हे, एवढाच टप्पा चालायचं ठरवलं, सून बरोबर. मी त्यांना वाटेत गाठलं. गुडघ्याला पट्टा बांधलेला, डोक्यावर पदर, चेहरा उन्हानं लाल. झाडाखाली टेकून त्यांनी कमरेचा बटवा सोडला. आत गोपीचंदनाचा खडा, बुक्क्याची डबी, रबरबँड लावलेली गोळ्यांची पट्टी आणि एका कागदाच्या पुडीत माळ. नवीन दोऱ्यात ओवलेली.

"घातली नाहीत?" मी विचारलं.

"अजून थोडं बोलायचंय त्याच्याशी," त्या म्हणाल्या. मग पट्टीतली गोळी काढली आणि सुनेकडं पाणी मागितलं.