सोलोची तारीख

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांचा फोन आला होता. एकवीस तारखेला तुला सतरा पूर्ण होतात, त्याच दिवशी सोलो, म्हणजे विमानात तुझं पहिलं एकटीचं उड्डाण, होईल का, असं विचारत होते. सांगलीहून आत्या येणार, मामा येणार, दोन गाड्या ठरवायच्या आहेत म्हणे. मी म्हटलं, ठरवा की, पण जेवायला या म्हणून ठरवा. ते हसले, पण पटलं नव्हतं. रात्री तुझा मेसेज आला : "सर, बॅचमधल्या तिघांचं सोलो झालं. माझे १९ तास झाले. माझ्यात काही कमी आहे का?"

दोघांना एकच उत्तर द्यायचं होतं आणि ते फोनवर मावलं नसतं. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, म्हणून हे पत्र.

आधी तासांचं उरकून टाकू. सोळा पूर्ण झाल्यावर विद्यार्थी परवाना, सतराला खासगी, अठराला व्यावसायिक. खासगीला किमान ४० तास, व्यावसायिकला किमान २००. यातला 'किमान' हा शब्द हँगरमधल्या चहाच्या टपरीवर कुणी उच्चारत नाही, तिथे सगळे नुसते आकडेच फेकतात. सोलो कितव्या तासाला झालं हे पुढे कुठलाही कॅप्टन कुठल्याही कॅप्टनला विचारत नाही. दहावीचे टक्के जसे कुणी विचारत नाही तसंच.

आता खरी गोष्ट सांगतो. तीस वर्षं मी मुलं सोलोला सोडली. पट्टा सोडून विमानातून उतरायचं आणि 'जा' म्हणायचं, हा क्षण मी कशावरून ठरवायचो? लँडिंग चांगलं झालं म्हणून नव्हे. लँडिंग माकडालाही शिकवता येईल (माझ्या गुरूंचं मत, मी तसा पुरावा पाहिलेला नाही). मी वाट बघायचो ती विद्यार्थ्यानं आपण होऊन, माझ्या तोंडाकडे न बघता, पहिला गो-अराउंड घेण्याची, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याची. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर आहेस, वेग जास्त झालाय, उंची जास्त आहे, विमान मधोमध नाही. बहुतेक पोरं काय करतात? ओढूनताणून बसवतात. सर शेजारी आहेत, टॉवर बघतोय, मागे दुसरं विमान आहे, आणि परत वर गेलो तर नामुष्की. ज्या दिवशी विद्यार्थी 'हे जमत नाहीये' एवढं मनाशी म्हणतो आणि पूर्ण थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा सगळा जोर, कार्ब्युरेटर गरम ठेवणारी कार्ब हीटची कळ आत, पंखांचे फ्लॅप २० अंशांवर असं करत पुन्हा वर जातो, त्या दिवशी तो एकटा उडवायला लायक झाला. तुझ्या इन्स्ट्रक्टरशी मी बोललो. तुझी लँडिंग्ज छान आहेत असं ते म्हणाले. गो-अराउंड मात्र दर वेळी त्यांनाच सांगावा लागतो.

कमी काय आहे ते एवढंच. तू नाही म्हणत नाहीस.

तुझ्यासारख्या गुणी मुलीला हे अवघड जातं, मला माहीत आहे. घरात, शाळेत 'हो' म्हणण्याबद्दलच शाबासकी मिळालेली असते. पण विमानाला तुझा स्वभाव कळत नाही. त्याला हवा कळते, आणि तीही आपल्याला वाटते तशी नसते. उन्हाळ्याचं उदाहरण घे. तुमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जवळपास २००० फुटांवर आहे. पुस्तकातली आदर्श हवा समुद्रसपाटीला १५ अंशांची, दर हजार फुटांना २ अंशांनी थंड होणारी, म्हणजे तुमच्याकडे ११ अंश हवी. एप्रिलच्या दुपारी असतात ४०. वरच्या २९ अंशांपैकी प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट धर. ते होतात साडेतीन हजारांच्या आसपास, आणि मूळचे दोन. विमानाच्या लेखी ती धावपट्टी साडेपाच हजार फुटांवर गेली. कळसूबाई ५४०० फूट आहे. म्हणजे दुपारी दोनला उसाच्या मळ्याशेजारून उड्डाण करताना तुझं ११० अश्वशक्तीचं सेसना १५२ कळसूबाईच्या माथ्यावरची विरळ हवा खात असतं. इंजिन दमलेलं, पंखा हवेत घसरणारा, पंखांना आधार कमी. काटा नेहमीचाच वेग दाखवणार, पण धावपट्टी मात्र जास्त संपलेली असणार. हे गणित दर दुपारी स्वतः मांडत जा. आणि उत्तर आवडलं नाही तर सकाळी सहाला ये. सहाची हवा फुकट असते.

आता माझी कथा. ही मी कुठल्याच विद्यार्थ्याला सांगितली नव्हती.

१९८४ चा डिसेंबर, मी अठरा वर्षांचा. आमच्याकडे पुष्पक होतं, एचएएलनं बांधलेलं, कापड चढवलेलं, ९० अश्वशक्तीचं. सोलो क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे एकट्यानं लांबवर जाऊन यायच्या उड्डाणाच्या, वाटेपासून सहासात मैलांवर आमचं गाव. काकांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं की पोरगं विमान घेऊन येणार. गावच्या शाळेला सुट्टी दिली होती म्हणे. मी वाट सोडून गावावर गेलो, खाली आलो आणि चक्कर मारायला लागलो. वारा मागून होता. पाठवाऱ्यात खाली असलं की जमीन भराभर मागे पळते आणि वाटतं, वेग भरपूर आहे. मी थ्रॉटल थोडा ओढला. मारुतीच्या देवळाजवळ उभे असलेले काका दिसावेत म्हणून विमान आणखी कलवलं, आणि उंची जाऊ नये म्हणून नाक वर खेचलं.

गणित तुला येतं. उंची राखून ३० अंश कलवलंस तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत तो) ७ टक्क्यांनी वाढतो, ४५ ला १९ टक्के, ६० ला ४१ टक्के. सरळ उडताना ४० नॉटपर्यंत धरून राहणारं विमान तेव्हा ५६-५७ लाच सोडून देतं. मलाही येत होतं, लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी होते. पण मी काट्याकडे बघतच नव्हतो. मी काकांचं धोतर शोधत होतो. कंट्रोल्स ढिले पडले, सबंध विमान तापातल्या माणसासारखं थरथरलं आणि आतला पंख खाली गेला. हातानं आपोआप नाक खाली दाबलं, थ्रॉटल पुढे गेला, आणि ते सावरलं. किती उंचीवर सावरलं ते मी आजही सांगू शकत नाही. वडाची पानं मात्र एकेक दिसली होती.

गावानं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कसरत केली. काका मरेपर्यंत ती कसरत लोकांना वर्णन करून सांगत होते, आणि मी शेजारी बसून मान डोलवत होतो.

म्हणून बाबांच्या दोन गाड्यांची मला भीती वाटते. कुंपणापाशी मामा मोबाइल धरून उभे असले की फायनलवर तुझे डोळे कुठे असतील?

१९९६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत सात वर्षांच्या एका मुलीला देश ओलांडणारी सगळ्यात लहान वैमानिक करायचा घाट घातला गेला. शेजारी इन्स्ट्रक्टर होता, वडील मागे बसले होते, पुढच्या मुक्कामी पत्रकार थांबलेले होते. शायेन नावाच्या गावाहून, ६००० फुटांहून उंच धावपट्टीवरून, ठरल्यापेक्षा जास्त वजन घेऊन, वादळी पावसात त्यांनी उड्डाण केलं. उड्डाणानंतर लगेचच विमान स्टॉल होऊन कोसळलं, तिघंही गेले. चौकशीत इन्स्ट्रक्टरच्या निर्णयावर ठपका ठेवला गेला, आणि प्रसारमाध्यमांना दिलेल्या वेळांमुळे आखलेल्या घाईच्या वेळापत्रकावरही. पोरीचा यात काय दोष? कोणीच 'आज नको' म्हणालं नाही.

याच्या उलट एक सतरा वर्षांचा मुलगा तुला माहीत असायला हवा : अस्पी इंजिनियर. १९३० साली आगाखानांनी इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट दिशेनं एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. अस्पी इंग्लंडहून कराचीकडे निघाला, जेआरडी टाटा कराचीहून इंग्लंडकडे. इजिप्तमध्ये अबुकीरला जेआरडी उतरले तर अस्पी तिथे बसलेला. स्पार्क प्लग खराब झाले होते आणि जवळ जादा नव्हते. शर्यत चालू आहे, घड्याळ पळतंय, आणि सतरा वर्षांचं पोर प्लग नाहीत म्हणून शांत थांबलंय. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले. अस्पी काही तासांच्या फरकानं जिंकला. जेआरडींच्या दिलदारपणाची ही गोष्ट सगळे सांगतात, आणि सांगावीच. मला मात्र दर वेळी तो थांबलेला पोरगा दिसतो. पुढे तो हवाई दलाचा प्रमुख झाला.

बाकी सुटं सुटं लिहितो, क्रम लावत बसत नाही.

विमानाभोवतीची फेरी उरकल्यासारखी करू नकोस. टाकीतलं पेट्रोल काठी बुडवून बघ, काट्यावर विश्वास ठेवू नकोस. खालून काढलेला नमुना उजेडात धर. निळा हवा, आणि तळाशी पाण्याचा थेंब नको. पावसाळ्यात हा थेंब सापडतो म्हणजे सापडतोच. वेग मोजणाऱ्या पिटोट नळीवर रात्री आवरण घातलं होतं का ते विचार, कुंभारीण माशीला तेवढंच भोक घरासाठी पुरतं.

नकाशावर पाणी बघून दिशा ठरवायची सवय लावू नकोस, निदान आपल्याकडे तरी. उजनीचा फुगवटा ऑक्टोबरात एका आकाराचा असतो आणि मे महिन्यात भलत्याच. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं की नकाशातला किनारा शोधूनही सापडत नाही. रेल्वेचा रूळ जागा सोडत नाही. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी उतरतात, तिथे खाली जाऊन फोटो काढायचा मोह तुलाही होईल, तुझ्या बॅचमधल्या त्या हौशी मुलाला तर नक्कीच होईल. पक्ष्यांना तुमचा मार्ग कळवलेला नसतो.

एकादशी, नवरात्र, काहीही असो, उपाशी उडायचं नाही. आजीला माझं नाव सांग. सर्दी असली तर उडायचं नाही, खाली उतरताना कानात काय होतं ते एकदा अनुभवलंस की पटेल, पण अनुभवू नकोस. सर्दीच्या गोळीनं पेंग येते, ती घेऊन तर नाहीच.

रेडिओवर कळलं नाही तर 'से अगेन' म्हण. मराठी शाळेतून आलेली मुलं इथे लाजतात आणि न कळलेल्या गोष्टीला 'रॉजर', म्हणजे 'कळलं', म्हणून मोकळी होतात. मीही म्हणायचो. टॉवरमधला माणूस दोनदा सांगायला कंटाळत नाही, आणि कंटाळला तर त्याचा पगार त्यासाठीच आहे.

लॉगबुकात जेवढं उडलीस तेवढंच लिही. पेनानं उडवलेले तास लोकांकडे असतात, तुला भेटतील असे लोक.

आणि सोलोच्या दिवशी एक गंमत होईल, ती आधीच सांगून ठेवतो. सेसना १५२ भरून जास्तीत जास्त ७५७ किलोचं. तुझे इन्स्ट्रक्टर उतरले की त्यातला जवळजवळ दहावा हिस्सा उतरला. विमान लवकर उठेल, लवकर हजार फूट गाठेल, डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट जाताना, तू घाबरून म्हणशील की आज सगळं आधीच कसं होतंय. उतरताना ते तरंगत राहील. तरंगू दे. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेव आणि थांब. फारच लांबलं तर वर जा, परत ये. पेट्रोल भरपूर असतं.

बाबांना मी सांगतो. एकवीसला वाढदिवस करा, धावपट्टीपासून लांब. सोलो ज्या सकाळी होईल त्या सकाळी तुला स्वतःलाही आदल्या दिवशी माहीत नसेल, इन्स्ट्रक्टर मधेच दार उघडून उतरतील. तू मागाहून घरी फोन कर. आत्याला वाईट वाटेल, तिला माझ्याकडे पाठव, चहा पाजतो.

तुझे सर

ता. क. : सोलो झाल्यावर बादल्या ओततात हे तू ऐकलंच असशील. कपड्यांचा एक जादा जोड आत्तापासून हँगरच्या कपाटात ठेव, आणि लॉगबुक त्या दिवशी हातात घेऊन उतरू नकोस. माझ्या लॉगबुकची पहिली दहा पानं अजून फुगलेली आहेत.