बंदर नाही, नुसतं पाणी: लांबच्या क्रूझबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात क्रूझचा विषय निघाला आणि प्रश्नांचा पाऊसच पडला. त्यातले बरेचसे सी-डेजबद्दल, म्हणजे ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही त्या दिवसांबद्दल, म्हणून या वेळी तेवढेच घेतलेत.

ताई, आम्ही दोघं नुकतेच रिटायर झालोय. आमच्या ह्यांनी अटलांटिक पार करणारी क्रूझ बघून ठेवलीय, त्यात सलग सहा-सात दिवस जमीनच नाही! हे म्हणतात निवांत आराम होईल, मला वाटतं दुसऱ्याच दिवशी मी येरझाऱ्या घालायला लागेन. नक्की करतात काय लोक दिवसभर?

पहिला सी-डे सगळ्यांचाच मजेत जातो कारण जहाज नवीन असतं, लिफ्ट कुठे उघडते, बफे कुठल्या डेकवर, पुढे जायला निघालो आणि मागे कसे पोचलो यातच संध्याकाळ होते. खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत सगळं बघून झालेलं असतं, आणि तिथे माणसांचे सरळ दोन गट पडतात, एक ज्यांना आता कुठे बरं वाटायला लागलंय आणि दुसरा जो रिसेप्शनवर जाऊन विचारतो की आज काय आहे. तुम्ही कुठल्या गटातल्या हे तुम्हाला आत्ताच माहीत असणार, खोटं बोलू नका.

करायला भरपूर असतं हो. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम केबिनमध्ये किंवा अ‍ॅपवर येतो, त्यात सकाळचा व्यायाम, लेक्चर्स (इतिहास, खगोलशास्त्र, समुद्री जीव, बोलणारा चांगला असेल तर हॉलमध्ये जागा मिळत नाही), ब्रिजचा पत्त्यांचा क्लास, क्विझ, नाच शिकवणं, प्रवाशांचाच कॉयर, रात्री शो. दुकानं आणि कॅसिनो बंदरात बंद असतात ते सी-डेला दिवसभर उघडे, त्यामुळे सेलची टेबलं बरोबर त्याच दिवशी लागतात, पाकीट सांभाळा. माझा सल्ला असा की दिवसाला एक ठरलेली गोष्ट धरायची, फार तर दोन, आणि बाकी वेळ मोकळा सोडायचा. सकाळी नऊपासून सगळ्या कार्यक्रमांवर खुणा करणारे लोक चौथ्या दिवशी दमलेले दिसतात.

येरझाऱ्यांची हौस असेल तर उलट चांगलंच आहे. जहाजाला पूर्ण फेरी मारता येणारा प्रोमनेड डेक आहे का हे बुकिंगच्या आधी डेक प्लॅनवर बघा, सगळ्या जहाजांना नसतो आणि लांबच्या प्रवासात याच्याइतकी कामाची दुसरी जागा नाही. किती फेऱ्यांचा एक मैल होतो याची पाटी बऱ्याच ठिकाणी लावलेली असते, रोज तीच माणसं तिथे भेटतात, तिसऱ्या दिवसापासून हसून मान हलवतात आणि पाचव्या दिवशी सुनेबद्दल सांगायला लागतात.

दुपारी बाराच्या सुमाराला कॅप्टनची अनाउन्समेंट होते ती चुकवू नका. आपण कुठल्या अक्षांश-रेखांशावर आहोत, वारा किती, खाली पाणी किती खोल, कालपासून किती अंतर कापलं. वीस नॉटने चाललेलं जहाज म्हणजे तासाला साधारण 37 किलोमीटर, अख्ख्या दिवसात जेमतेम नऊशे. विमान हे अंतर तासाभरात कापतं.

आणि बाहेर दिसतं काय? उंच डेकवरून क्षितिज वीसेक किलोमीटरवर असतं, चारी बाजूंना गोल, आणि बहुतेक वेळा त्यात दुसरं जहाजसुद्धा नसतं. उष्ण पट्ट्यात उडते मासे दिसतात, जहाजाच्या पुढच्या बाजूने पाण्याबाहेर फुटून लाटांवरून तरंगत जातात, आधी पक्षीच वाटतात. व्हेल दिसेलच असं धरून मात्र जाऊ नका. रात्री डेकच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून आकाश बघा, फक्त बहुतेक डेकवर दिवे इतके असतात की तो कोपरा शोधावा लागतो.

ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारा, वाटेतली सगळी बंदरं रद्द झाली तरी मी गेले असते का? उत्तर नाही असेल तर ह्यांना सांगा की रोज बंदर लागणारी आठवड्याची क्रूझ बघा, त्यात काही कमीपणा नाही.

गाडीत वळणाचा रस्ता लागला की मला मळमळतं. मोठ्या जहाजावरही समुद्र लागतो का? केबिन कुठली घेऊ?

लागू शकतो, पण वाटतो तितका नाही. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते जहाजाचं कुशीवर डोलणं बरंच कमी करतात. पुढचं टोक वर जाऊन खाली आपटतं ते मात्र त्यांना थांबवता येत नाही. म्हणून केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घ्या. सी-सॉसारखं आहे, टोकाला बसलेला वरखाली होतो, मधला जागच्या जागी. लोक हौसेने सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची बाल्कनी घेतात आणि मग वाऱ्याच्या दिवशी रात्रभर छताकडे बघत पडतात. अजून एक, तुमच्या केबिनच्या बरोबर वर काय आहे ते डेक प्लॅनवर बघा, वर स्विमिंग पूल किंवा बफे असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट उशीवर येतो. वरखाली दोन्हीकडे केबिनच असतील असा डेक सगळ्यात शांत.

गोळी मळमळायला लागल्यावर नाही, आधी घ्यायची. साध्या गोळ्यांनी झोप येते, तेवढी तयारी ठेवा. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच तीन दिवस चालतो पण त्याने तोंड कोरडं पडतं, दृष्टी धूसर होऊ शकते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत तो चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाकी उपाय जुनेच, मोकळ्या हवेत जाऊन क्षितिजाकडे बघत बसणं, पोट रिकामं न ठेवणं, आल्याचा तुकडा. केबिनमध्ये मोबाईलवर वाचत पडू नका, त्याने हमखास वाढतं.

समुद्र खवळणार हे जहाजावर अनाउन्समेंटच्या आधीच कळतं. जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या दिसल्या की समजायचं. मग पूल रिकामा करून त्यावर जाळी ओढतात, बाहेरच्या डेकचे दरवाजे बंद होतात, आणि रात्री केबिनमध्ये कपाटातले हँगर एकमेकांवर टकटक करायला लागतात, ड्रॉवर सरकतो, पॅनल कुरकुरतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं जहाज मोडतंय की काय. मोडत नाही, हँगर काढून पलंगावर टाका आणि झोपा.

मार्गाचाही विचार करा. अटलांटिकच्या उत्तरेकडचा मार्ग, म्हणजे साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्कसारखा, दक्षिणेकडून कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला जाणाऱ्या मार्गापेक्षा जास्त खडबडीत आणि थंड असतो. कंपन्या वसंतात कॅरिबियनमधली जहाजं युरोपला नेतात आणि शरदात परत आणतात, जहाज न्यायचंच असतं म्हणून या फेऱ्या बऱ्याचदा स्वस्तात मिळतात. तुमच्यासाठी दक्षिणेकडचा बघा.

क्रूझवर रोज घड्याळ बदलतं म्हणे. आणि पॅसिफिकमध्ये एक दिवसच गायब होतो? नेमका त्याच तारखेला आईचा सत्तरावा वाढदिवस आहे हो!

अरे वा, म्हणजे आई एकोणसत्तरच्याच राहणार! खरं आहे ते. पश्चिमेकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एक तारीख गळते, सोमवारी रात्री झोपलात की सकाळी बुधवार. पूर्वेकडे जाताना उलटं, तीच तारीख दोनदा. रेषा साधारण 180 रेखांशावर असली तरी तारीख कधी बदलायची ते कॅप्टन ठरवतो, त्यामुळे नक्की कुठला दिवस उडणार हे कंपनीच्या प्रवास-वेळापत्रकात बघून घ्या आणि केक आदल्या दिवशीचा सांगा. पुढच्या वर्षी उलट्या दिशेने न्या, दोनदा कापता येईल.

रोजच्या घड्याळाचं म्हणाल तर लोक याचा विचारच करत नाहीत आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पश्चिमेकडे जाताना बऱ्याच रात्री घड्याळ एक तास मागे जातं, दिवस पंचवीस तासांचा, जास्तीची झोप फुकट. साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सात रात्रींमध्ये असे पाच तास मिळतात. पूर्वेकडे तेच पाच तास कापले जातात, तेविसाच्या हिशोबाने, आणि रोज सकाळी नाश्त्याला उशीर होतो. काही जहाजं हे घड्याळ रात्रीऐवजी दुपारी बाराला पुढे करतात म्हणजे झोपेवर येत नाही. पहिली लांबची क्रूझ असेल तर पश्चिमेकडे जाणारीच घ्या आणि परत विमानाने या. फोन एअरप्लेन मोडवर असला की वेळ आपोआप बदलेलच असं नाही, साधं मनगटी घड्याळ न्या.

मला रोज एक व्हिडिओ मीटिंग आहे. भर समुद्रात नेट चालतं का?

पूर्वीपेक्षा कितीतरी बरं. 2022 पासून बऱ्याच जहाजांवर स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं इंटरनेट, आलंय, त्यामुळे व्हिडिओ कॉलही होतात, पण पॅकेजचे पैसे वेगळे आणि मधेच कट होऊ शकतं. नोकरी त्या कॉलवर अवलंबून असेल तर रजाच घ्या. आणि जहाजावर चढलात की फोन एअरप्लेन मोडवर टाका, जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं आणि त्याचं रोमिंग बिल बघून समुद्र न लागताही गरगरतं.

वडील 78 वर्षांचे आहेत, बीपी-शुगर दोन्ही. मधेच काही झालं तर?

हा प्रश्न गंमतीत घ्यायचा नाही. जहाजावर डॉक्टर, नर्स आणि छोटा दवाखाना असतो, तातडीचे उपचार होतात, पण ऑपरेशन थिएटर असलेलं हॉस्पिटल ते नाही. महासागराच्या मध्यात हेलिकॉप्टर पोचू शकत नाही, त्याच्या टप्प्यात यायला जहाजाला दिशा बदलून वेगाने किनाऱ्याकडे जावं लागतं आणि त्यात एखादा दिवस किंवा जास्तही जाऊ शकतो. म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की सलग चार-पाच दिवस हॉस्पिटलपासून लांब राहिले तर चालेल का. दवाखान्याचं बिल केबिनच्या खात्यावर पडतं आणि ते चांगलंच मोठं असतं. प्रवास विमा घेताना वैद्यकीय इव्हॅक्युएशन आणि आधीपासूनचे आजार दोन्ही कव्हर होतात का ते शब्दशः वाचा. औषधं ठरल्यापेक्षा आठवडाभर जास्तीची, आणि ती हातातल्या बॅगेत, कारण मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला कधीकधी संध्याकाळ होते.

पोटाच्या साथीसाठी सगळ्यांनीच हात साबणाने धुवायचे. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर साबणाइतका चालत नाही. आणि निघायच्या वेळची सेफ्टी ड्रिल वडिलांना बसवून नीट करून घ्या, सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे आपल्या मस्टर स्टेशनला, संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं. 2012 मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली तेव्हा नवीन चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती, त्यानंतर नियम कडक झाले.

तीन आठवड्यांचे कपडे न्यायचे म्हणजे किती बॅगा?

एक. काही जहाजांवर सेल्फ-सर्व्हिस वॉशिंग मशीन असतं, नसेल तर पैसे देऊन धुऊन मिळतात. मशीनच्या खोलीत सी-डेला सकाळी रांग आणि भांडणं दोन्ही, बंदराच्या दिवशी सगळे उतरले की जा. इस्त्री, किटली नेऊ नका, आगीच्या भीतीने बहुतेक कंपन्या काढून घेतात. एखादी रात्र नटायची असते, त्याला एक चांगला जोड पुरे. वाऱ्यासाठी जॅकेट मात्र हवंच, उष्ण प्रदेशातसुद्धा.

आम्ही एका बेटासाठी म्हणून अख्खी क्रूझ घेतली आणि हवामानामुळे तिथे थांबलोच नाही. पैसे परत मागता येतात का?

वाईट वाटलं वाचून, पण फारसे नाहीत. हवामानामुळे बंदर गाळायचा हक्क कंपनीने तिकिटाच्या करारातच लिहून ठेवलेला असतो. साधारणपणे त्या बंदराची फी आणि जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत मिळतात, केबिनचे नाही. छोट्या बेटांवर धक्का नसतो, लहान बोटीतून उतरवतात, आणि थोडी लाट असली तरी ते रद्द होतं. पुढच्या वेळी वेळापत्रकात त्या बंदरासमोर 'टेंडर', म्हणजे अशा लहान बोटीतून उतरणं, लिहिलंय का ते बघा, आणि बाहेरच्या एजंटकडून सहल घेणार असाल तर जहाज न आल्यास पूर्ण पैसे परत, हे त्याच्याकडून ईमेलवर लिहून घ्या.