लिंकनचं ‘ते’ पत्र आणि त्याची खरी पत्रं

प्रश्न : आमच्या शाळेच्या व्हरांड्यात अब्राहम लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र फ्रेम करून लावलंय, शिक्षकदिनाला दरवर्षी कुणीतरी ते वाचतंच. परवा एक सहकारी म्हणाले की ते लिंकनचं नाहीच. खरं काय? आणि नसेल तर दहावीच्या मुलांना दुसरं काय वाचून दाखवू?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ताई, तुमचे सहकारी बरोबर सांगतायत. लिंकनची पत्रं आणि भाषणं १९५३ साली आठ जाडजूड खंडांत छापली गेली, त्यात हे पत्र नाही, आणि त्याचा मूळ कागदही कधी कुणाच्या हाती लागलेला नाही. मजकूर चांगला आहे, मराठीत तर तो पाठ असणारी माणसं आहेत, फ्रेम राहू द्या हवी तर, पण खाली लिंकनचं नाव नको.

आणि मला खरंच वाईट याचं वाटतं की त्याची खरी पत्रं यापेक्षा कितीतरी सरस असून आपल्याकडे कुणी वाचत नाही. लिंकन आधी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहरात वकील होता, कागदपत्रं डोक्यावरच्या उंच टोपीत ठेवायचा, १८५०मध्ये एका वकिलाला उत्तर द्यायला उशीर झाला तेव्हा त्याने सरळ लिहून टाकलं की तुमचं पत्र जुन्या टोपीत होतं, दुसऱ्या दिवशी नवीन टोपी घेतली आणि जुनीबरोबर पत्रही बाजूला पडलं.

मुलांसाठी मात्र २२ जुलै १८६०चं पत्र घ्या. त्याच्या मोठ्या मुलाचा, रॉबर्टचा, मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला. रॉबर्ट स्वतःही आदल्या वर्षी तिथेच नापास झालेला, म्हणजे बापाला ते दुखणं घरचंच. लिंकन तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, इलेक्शन तोंडावर, आणि तो बसून दुसऱ्याच्या मुलाला लिहितोय की कालच बॉबच्या (म्हणजे रॉबर्टच्या) पत्रातून कळलं, आयुष्यात याहून जास्त दुःख क्वचितच झालं असेल, पण तू खचला नाहीस तर यात फारसं काही नाही, एकदा प्रयत्न केलायस ना, मग आता जमलंच पाहिजे. नुसता धीर देऊन थांबत नाही तो, कॉलेजचे प्रमुख भले गृहस्थच असणार, जाऊन भेट, अडलंय ते कसं दूर करायचं ते सांगतील, असा रस्ताही दाखवतो. आणि शेवटी म्हणतो की सहज ॲडमिशन मिळालेल्या कित्येकांपेक्षा तू पुढे जास्त शिकलेला आणि यशस्वी होणारच नाहीस असं या अपयशावरून मुळीच ठरत नाही.

निकालाच्या आदल्या दिवशी हे वाचा वर्गात, सावकाश.

मोठ्या मुलांना १८५५चं आयशम रीव्हिसला लिहिलेलंही चालेल. त्याला वकील व्हायचं होतं, लिंकनने कळवलं की मी कुणाच्याही हाताखाली शिकलो नाही, पुस्तकं मिळव आणि नीट वाच, पक्कं ठरवलं असशील तर अर्ध्याहून जास्त काम झालंच. हे सगळे खंड मिशिगन विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत, तारीख टाकून शोधलं की पत्र समोर येतं, इंग्रजी थोडं जुनं आहे पण दोन्ही पत्रं छोटी आहेत, तुम्हीच मराठी करून घ्या.