सुई एकदा राहिली तर चालेल, दोनदा गेली तर नाही: मांजराच्या डायबेटिसवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हाताऱ्या मांजरांवर लिहिताना मी डायबेटिस दोन ओळींत उरकला होता, त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. प्रश्न थोडे छाटलेत, दोन-तीन जणांनी एकच विचारलेलं एकत्र केलंय.

प्रश्न: डॉक्टर, आमचा बोका १० वर्षांचा, नसबंदी झालेला, चांगला साडेसात किलोचा होता. दोन महिने सारखा पाण्यावर, लिटर बॉक्स म्हणजे नुसता चिखल, आणि दिवसभर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागायला लागला म्हणून नेलं तर शुगर निघाली. आता रोज दोनदा इन्सुलिन. मला स्वतःला टोचून घेताना पण मान फिरवावी लागते, मला जमेल का हे?

जमेल. तुम्ही लिहिलंय ना त्यात आजाराचं सगळं वर्णन आलंय, बोका, नसबंदी, वजन जास्त, घरात बसून, वय मधलं-उतरतं, अशांनाच हा जास्त होतो. इन्सुलिनची सुई तुम्ही दवाखान्यात बघता तशी नसते हो, केसाएवढी बारीक आणि जेमतेम ८ मिलिमीटरची असते, बऱ्याच मांजरांना कळतही नाही, त्यांचं तोंड वाटीत असतं. आधी खायला द्या, खातोय हे बघा, आणि खाता खाताच टोचा. कातडी दोन बोटांत धरून वर उचलली की खाली तंबूसारखी पोकळी होते, सुई त्या पोकळीत, अंगाला साधारण समांतर, आणि दट्ट्या सावकाश. मानेची मागची कातडी पकडायला सोपी म्हणून सगळे तिथेच टोचतात, पण तिथून औषध नीट शोषलं जात नाही म्हणून मी तरी छातीची नाहीतर पोटाची बाजू सांगते, आणि रोज जागा थोडी बदलायची, एकाच ठिकाणी टोचत राहिलं की गाठ धरते. दट्ट्या दाबून झाला की केसांना हात लावून बघा, ओलं लागलं किंवा औषधी वास आला तर सुई आरपार गेली, औषध केसांत.

आणि असं झालं तर परत टोचायचं नाही. थोडं गेलं असेल, सगळं गेलं असेल, काहीच गेलं नसेल, कळत नाही ना? मग गेलं असं धरायचं आणि १२ तासांनी पुढचा डोस नेहमीएवढाच द्यायचा. शुगर एक दिवस वर राहिली म्हणून सहसा काही बिघडत नाही, पण फार खाली गेली तर तासाभरात मांजर हातचं जातं. पुढच्या उत्तरांमध्ये मी हेच वेगवेगळ्या तऱ्हेने सांगणार आहे, कंटाळू नका.

प्रश्न: डॉक्टरांनी २ युनिट सांगितलेत. आधीच्या सिरिंज संपल्या म्हणून दुसऱ्या आणल्या तर रेघा वेगळ्या दिसतायत. २ च्या रेघेपर्यंतच भरायचं ना?

थांबा, भरू नका! पत्र वाचून मी पहिला फोन यांना केला, कारण या आजारात घरी होणारी सगळ्यात घाबरवणारी चूक हीच.

इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदीचं येतं. यू-४० म्हणजे १ मिलीत ४० युनिट, प्राण्यांसाठी बनवलेली कॅनइन्सुलिन, प्रोझिंक ही या प्रकारातली. यू-१०० म्हणजे १ मिलीत १०० युनिट, माणसांचं ग्लार्जिन, जे मांजरांना भरपूर वापरलं जातं, ते साधारण याच ताकदीचं मिळतं. सिरिंजवरच्या रेघा त्या त्या ताकदीसाठी आखलेल्या असतात. यू-४० चं औषध चुकून यू-१०० च्या सिरिंजमध्ये २ च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ०.८ युनिटच जातं, शुगर वरच राहते आणि सगळे म्हणतात औषध लागू पडत नाही. उलटं झालं, म्हणजे यू-१०० चं औषध यू-४० च्या सिरिंजमध्ये २ पर्यंत, तर जातात ५ युनिट. अडीचपट. ते मांजर संध्याकाळपर्यंत फिट येऊन पडलेलं असू शकतं.

टोपणाचा रंग बहुतेक वेळा यू-४० ला लाल आणि यू-१०० ला केशरी असतो, पण रंगावर जाऊ नका, नळीवर छापलेलं वाचा आणि बाटलीवर छापलेलं वाचा, दोन्ही आकडे एकच हवेत. रूपांतराचं गणित करून चालतं असं कुणी सांगेल, गणित बरोबरच असतं, पण पहाटे अर्धवट झोपेत गणित कोण करणार. आणि अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली सिरिंज मिळाली तर तीच घ्या, मांजरांचे डोस इतके छोटे असतात की अर्धं युनिट पण मोठी गोष्ट आहे.

प्रश्न: ड्राय फूड शुगरवाल्या मांजराला वाईट असं कळलं म्हणून गेल्या आठवड्यात ते बंद करून पूर्ण वेट फूडवर आणलं. आता ती मलूल आहे, काल चालताना झोकांडी गेली. जेवण मानवलं नाही का?

जेवण अगदी मस्त मानवलंय, म्हणूनच झोकांडी जातेय. तुम्ही केलंत ते चूक नाही, एकटीने केलंत ते चूक. मांजर मुळात मांसावर जगणारा प्राणी, ड्राय फूडला आकार यायला स्टार्च लागतोच आणि त्याने शुगर चढते, तर चांगल्या वेट फूडमध्ये कार्बोहायड्रेट फार कमी असतात (आम्ही साधारण एकूण कॅलरीच्या १० ते १२ टक्क्यांच्या आत असावेत असं बघतो). पण तुमच्या मांजरीचा इन्सुलिनचा डोस ठरला होता तो ड्राय फूड खाणाऱ्या मांजरीसाठी. जेवणातला स्टार्च गेला, डोस तेवढाच राहिला, म्हणजे आता तो डोस जास्त झाला. जेवण बदलायचं ते डॉक्टरांना सांगून, हळूहळू, आणि त्या दिवसांत घरी शुगर रोज तपासत.

झोकांडी म्हणजे शुगर खाली गेल्याची खूण धरा. बाकीच्या खुणा म्हणजे अचानक भुकेने वेडं होणं, कोपऱ्यात लपणं, विचित्र ओरडणं, बाहुल्या मोठ्या होणं, अंग थरथरणं, आणि शेवटी फिट किंवा बेशुद्धी. खात असेल तर लगेच खायला घाला, यावेळी ड्राय फूड पण चालेल, उलट बरंच. खात नसेल तर मध किंवा साखरेचा घट्ट पाक चमचाभर, थोडा थोडा करून हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, ठसका लागून फुफ्फुसात जाईल. फिट आली असेल तर दातांच्या मध्ये बोट अजिबात नाही, ओठाच्या आतून चोळा आणि तसंच उचलून दवाखाना गाठा. आणि मध चोळून तरतरी आली म्हणून घरी बसू नका, इन्सुलिन अजून तास न् तास काम करत असतं, शुगर परत खाली जाते.

या बाईंनी मला हेही विचारलंय की घरात दुसरं मांजर आहे आणि ते ड्राय फूडच खातं. दोघांना वेगवेगळ्या खोलीत ठराविक वेळी जेवण द्या, वीस मिनिटांनी वाट्या उचला. नाहीतर त्या दुसऱ्यालाही वेट फूडवर आणा, त्याचं काही बिघडत नाही. आणि कृपा करून नुसतं उकडलेलं चिकन हेच कायमचं जेवण करू नका, त्यात कॅल्शियम नाही, बाकीही बरंच काही कमी पडतं.

प्रश्न: सकाळी त्याने खाल्लंच नाही तर सुई द्यायची की नाही? आणि सुई दिल्यावर उलटी केली तर?

खाल्लं नाही तर आपल्या मनाने पूर्ण डोस देऊ नका. फोन करा, बरेच डॉक्टर अर्धा डोस सांगतात किंवा ती वेळ सोडायला सांगतात, हे तुमच्या मांजराच्या आकड्यांवर ठरतं, म्हणून हा प्रश्न आजच विचारून उत्तर कागदावर लिहून ठेवा, पहाटे पाचला विचारायची वेळ नको. सुई दिल्यावर उलटी झाली तर दिवसभर लक्ष ठेवायचं, दोन-तीन तासांनी शुगर बघायची, काहीतरी खाऊ घालायचा प्रयत्न करायचा.

पण एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा. डायबेटिसचं मांजर दिवसभर खात नाहीये, उलट्या करतंय, मरगळलंय, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, तर ते कीटोनचं लक्षण असू शकतं, म्हणजे शरीर साखर वापरता येत नाही म्हणून चरबी जाळत सुटलंय आणि त्यातून निघणारी ही घातक आम्लं रक्तात साचतायत. तिथे 'आजची सुई राहू दे, उद्या बघू' हे चालत नाही. त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी.

राहिलेल्या आणि डबल गेलेल्या सुईचं सांगायचं तर माझ्याच घरात झालंय. आमच्या ढब्बूला मी सातला टोचलं, मी अंघोळीला गेले आणि नवऱ्याने शहाण्यासारखं सव्वासातला परत टोचलं. दोघेही प्रेमळ आणि दोघांपैकी एक चक्क डॉक्टर! तो दिवस आम्ही अर्ध्या अर्ध्या तासाला कानाला सुई टोचून शुगर बघत आणि त्याला भरवत काढला. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर कागद लागला: तारीख, वेळ, किती खाल्लं, किती युनिट, सही. सही नसेल तर सुई दिलेली नाही, सही असेल तर दिली, बस. ढब्बूची नाराजी मात्र दोन दिवस टिकली.

प्रश्न: दवाखान्यात ३८० आली, घरी ग्लुकोमीटरवर २१० आली. कुणाचं खरं?

दोन्ही खरे असू शकतात. मांजर घाबरलं की शुगर झटकन चढते, नुसत्या दवाखान्याच्या वासाने तीनशेच्या वर जाणारी मांजरं मी रोज बघते, म्हणून आम्ही फ्रुक्टोसामीनची टेस्ट करतो, त्यात मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो. शिवाय माणसांचं मीटर मांजराच्या रक्तात थोडा कमी आकडा दाखवतं, मांजरांसाठीचं वेगळं मीटर मिळतं. कुठलंही वापरा पण एकच वापरा. कानाची कड हाताने किंवा कोमट कापडाने ऊबदार करून कडेच्या शिरेजवळ टोचलं की थेंब येतो, थंड कानातून येत नाही. सुईच्या आधी बघा, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा सुईनंतर चार ते आठ तासांनीपण बघा, कारण आकडा साधारण तेव्हा सगळ्यात खाली जातो. नवीन असाल आणि सुईच्या आधी १५० च्या खाली दिसलं तर आधी फोन, मग सुई. ६० च्या खाली दिसलं तर लक्षणं असोत नसोत, खायला घाला किंवा मध चोळा आणि मग फोन.

एका आकड्यावरून डोस वाढवू मात्र नका. हे सगळ्यांनाच करावंसं वाटतं.

प्रश्न: आयुष्यभर टोचायचं का? गोळी नाही का याच्यावर?

गोळी आली आहे, अमेरिकेत बेक्साग्लिफ्लोझिनला डिसेंबर २०२२ मध्ये आणि व्हेलाग्लिफ्लोझिन या द्रव औषधाला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती ज्या मांजरांना आधी इन्सुलिन दिलेलं नाही त्यांच्यासाठी आहेत आणि त्यांच्यावर शुगर फार न चढताच कीटोन होऊ शकतात, त्यामुळे सुई चालू असलेल्याला परस्पर बदलून देऊ नका.

आयुष्यभर असेलच असं नाही. लवकर सापडलं, सुरुवातीलाच शुगर आटोक्यात आली आणि जेवण कमी कार्बोहायड्रेटचं असेल तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं, कुत्र्यांत असं क्वचितच होतं. वजन उतरवायचं ते आठवड्याला एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, उपाशी ठेवलेल्या जाड्या मांजराचं यकृत बिघडतं. दातांची किंवा लघवीची इन्फेक्शन बरी करून घ्या, स्टिरॉइड चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. सुटायला लागलंय हे कळतं कसं, तर तोच डोस देऊनही आकडे रोज खाली यायला लागतात, आणि तेव्हा डोस कमी करायचा डॉक्टरांनी, तुम्ही नाही. ढब्बूचं चौदा महिने सुटलं होतं, मग सांधे दुखतात म्हणून मीच नाइलाजाने थोडे दिवस स्टिरॉइड दिलं आणि ते परत आलं. फ्रिजमधली जुनी बाटली फेकून नवीन आणावी लागली, आणि फ्रिजवरचा कागदही.