सात हजार डॉलर आणि एक चाकांची खुर्ची

प्रश्न : सुपारी घेऊन खून करणाऱ्यावरचा एक स्वस्तातला मारधाडपट पाहिला. निम्मा वेळ नायक खोलीत बसून पिस्तूल पुसतो. ही कला की कडकी?

उत्तर : कडकी हो! संकलनाच्या टेबलावर माझी उमर गेली, असली पुसापुशी मीच किती लांबवली असेल. भाडोत्री मारेकरी निर्मात्याला परवडतो. त्याला ना घर, ना गोतावळा, ना फारसे संवाद. एक खोली, एक कोट, भागलं.

पण कडकीतूनही गंमत करता येते. रॉबर्ट रॉड्रिग्जचा १९९२चा ‘एल मारियाची’ बघा. गिटारवाल्या गायकालाच लोक मारेकरी समजतात, कारण खऱ्या मारेकऱ्याची हत्यारं गिटारच्या पेटीत. चित्रीकरणाचा खर्च साधारण ७,००० डॉलर. कॅमेरा फिरवायला रूळ नव्हते, म्हणून पठ्ठ्या चाकांच्या खुर्चीत बसून शूटिंग करायचा. बंदुका खऱ्या, खोटं काडतूस एकदा उडालं की अडकायच्या. मग तोच बार वेगवेगळ्या कोनांतून घ्यायचा, तुकडे जोडायचे, वर आवाज चढवायचा. पडद्यावर धडाधड फैरी! आवाजही शॉटनंतर वेगळा घेतलेला. ओठ जुळेनात की पटकन दुसरा चेहरा दाखवायचा.

तुमच्या सिनेमात बार उडताना मारेकऱ्याचा हात आणि चेहरा एकाच चौकटीत दिसले का? पुन्हा पाहाल तेव्हा तेवढं तपासा. पिस्तूल पुसताना मात्र खुशाल चहा टाकून या.