सदाफुलीच्या कॅलसमध्ये विनब्लास्टीन का सापडत नाही?

तुमचा प्रश्न असा: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सदाफुलीचा कॅलस (माध्यमावर वाढवलेला, पान-खोड न बनलेला पेशींचा गोळा) केलाय, वाढतोही जोमात, पण विनब्लास्टीन (सदाफुलीतून मिळणारं कर्करोगावरचं औषध) जवळजवळ सापडतच नाही; तर मिथाइल जॅस्मोनेट (पेशींना डिवचून अशी रसायनं जास्त करायला लावणारं संयुग) किती घालू?

मी गोव्यातच टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये काम करतो. माझं म्हणणं, जॅस्मोनेटची बाटली तूर्त बाजूला ठेवा. विनब्लास्टीन हे कॅथॅरँथीन आणि विंडोलीन जोडून बनतं. यातलं कॅथॅरँथीन कॅलसच्या पेशी थोडंफार करतात. विंडोलीनचे शेवटचे टप्पे मात्र पानातल्या खास पेशींत होतात, त्यांना उजेडही लागतो. कॅलसमध्ये तसल्या पेशी तयारच झालेल्या नसतात, मग डिवचून काय उपयोग? गाईडशी बोलून लक्ष्य बदला: अजमॅलिसीन (सदाफुलीतलंच दुसरं अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजन असलेलं वनस्पतिजन्य रसायन) किंवा कॅथॅरँथीन धरा. विंडोलीनचाच हट्ट असेल तर कोंबांचं कल्चर करा.

लक्ष्य बदललंत की पुढचा अडथळा तुमच्या माध्यमातच (पेशी वाढवायच्या पोषक मिश्रणातच) असणार. 2,4-डी (कृत्रिम ऑक्सिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक) घातलं की कॅलस फोफावतो, पण हेच ऑक्सिन सदाफुलीत अल्कलॉइडची निर्मिती दाबून टाकतं. म्हणून वाढ आणि उत्पादन वेगळं करा. आधी सस्पेन्शन कल्चर (द्रव माध्यमात तरंगत्या पेशी) वाढवून घ्या, मग पेशी गाळून 2,4-डी नसलेल्या, कमी फॉस्फेटच्या आणि जास्त साखरेच्या (5 टक्क्यांच्या आसपास) माध्यमात टाका. जपानमध्ये 1983 साली शिकोनिन (वनस्पतीच्या पेशींतून काढलेलं लाल रंगद्रव्य) बाजारात आलं ते याच दोन टप्प्यांच्या पद्धतीने.

आता जॅस्मोनेट. 100 मायक्रोमोलरपासून सुरुवात करा, एक पायरी खाली आणि एक वर बघा. प्रमाणाइतकीच वेळही महत्त्वाची. फार लवकर घातलं तर वाढ खुंटते, पेशी म्हाताऱ्या झाल्यावर घातलं तर दाद देत नाहीत. त्यामुळे आधी कोरड्या वजनाचा वाढीचा आलेख काढा आणि जोमाची वाढ ओसरायला लागते तिथे घाला. ते पाण्यात नीट विरघळत नाही, इथेनॉलमध्ये विरघळवा, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि माध्यम ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) थंड झाल्यावरच मिसळा. नुसतं इथेनॉल घातलेले कंट्रोल (तुलनेसाठीचे) फ्लास्क हवेतच. आणि हे कंट्रोल त्याच शेकरवर ठेवू नका! मिथाइल जॅस्मोनेट उडून जाणारं आहे, त्याची वाफ शेजारच्या फ्लास्कमधल्या पेशींनाही जागं करू शकते. मग कंट्रोलमध्येही अल्कलॉइड वाढलेलं दिसतं आणि परीक्षक तुम्हालाच धारेवर धरतात.

आपल्याकडे जून ते चवथीपर्यंत दुसरी कटकट म्हणजे बुरशी. दमट हवेत कापसाचे बुचे ओले राहिले की ती शिरलीच. एखाद्या फ्लास्कचा आकडा एकाएकी उंच आला तर हुरळून जाऊ नका, आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बुरशीच्या पेशीभित्तीचे तुकडे स्वतःच एलिसिटर, म्हणजे जॅस्मोनेटसारखे पेशींना डिवचणारे पदार्थ, असतात (मुद्दाम वापरायचे तर मारलेल्या बुरशीचा अर्क वापरतात, तो भाग वेगळा).

निकाल मिलिग्रॅम प्रति ग्रॅम एवढाच लिहू नका, प्रति लिटरही काढा. जॅस्मोनेटने पेशींचं वजन घटतं, त्यामुळे ग्रॅममागे दुप्पट दिसलेलं लिटरमागे कधीकधी जेमतेम कंट्रोलइतकंच भरतं. गाळलेलं माध्यमही फेकून देऊ नका, थोडं अजमॅलिसीन पेशींबाहेर झिरपतं. तेही एचपीएलसीवर (मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) चालवा.