रुग्ण आणि परिचारिका यांचे अनुभव अभ्यासू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

फोंडा, गोवा

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा मिळाला आणि तो सावकाश वाचला. सरकारी रुग्णालयांतील रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारी या दोघांच्याही अनुभवांवर काम करायचे तू ठरवलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. वैद्यकीय शिक्षणाची परंपरा गोव्यात निदान १८४२ सालापासून आहे. मात्र खाटेवरचा माणूस आणि रात्रपाळीत त्या खाटेपाशी उभी राहणारी सिस्टर यांना काय सोसावे लागते, हे पद्धतशीरपणे टिपून ठेवण्याचे काम अजून पुष्कळ व्हायचे आहे. ते नीट व्हावे, एवढ्यासाठीच हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

तुझ्या प्रश्नावलीतील पहिलाच प्रश्न मला थांबवून गेला: ‘येथील सेवेबाबत आपण किती समाधानी आहात?’ आणि खाली पाच पर्याय. हा प्रश्न काढून टाक. याचे उत्तर बहुतेक वेळा ‘समाधानी’ किंवा ‘अत्यंत समाधानी’ असेच येते, आणि त्यावरून रुग्णालयाविषयी फारसे काही कळत नाही. ज्याच्यावर मोफत उपचार झाले, ज्याला पुढच्या महिन्यात त्याच ओपीडीत पुन्हा रांगेत उभे राहायचे आहे आणि हातात फाइल घेतलेली तू ज्याला रुग्णालयाचीच कोणीतरी वाटतेस, तो माणूस तुझ्यापाशी तक्रार करणार नाही. ‘माझ्या वडिलांचा जीव वाचला’ ही कृतज्ञता खरीच असते, परंतु त्याच वडिलांना अख्खी रात्र स्ट्रेचरवर काढावी लागली असेल तर तेही तितकेच खरे असते. समाधानाच्या आकड्यात यातले पहिलेच तेवढे नोंदले जाते. उपचारांच्या गुणवत्तेचा विचार करताना व्यवस्था, प्रत्यक्ष प्रक्रिया आणि परिणाम या तिन्हींकडे वेगवेगळे पाहावे, असे आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक डोनाबेदियन यांनी १९६६ साली मांडले. तुझे काम मुख्यतः मधल्या भागाचे, म्हणजे प्रत्यक्षात काय घडले याचे आहे.

म्हणून मत विचारू नकोस, प्रसंग विचार. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या अभ्यासातून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्लॅनगन यांनी एक पद्धत घडवली आणि १९५४ साली ती सविस्तर लिहिली. ज्या प्रसंगी काम विशेष चांगले किंवा विशेष वाईट झाले तो नेमका प्रसंग सांगायला लावायचा, त्यात कोणी काय केले आणि पुढे काय झाले हे विचारायचे, एवढेच तिचे सार आहे. आरोग्यसेवेच्या अभ्यासात ती अजूनही उपयोगी पडते. सत्तरीतल्या एका वयस्क बाईंशी मी बोलत होतो. उपचारांविषयी विचारले की त्या दरवेळी ‘सगळें बरें’ एवढेच म्हणत आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळत. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्यांच्याजवळ कोण होते, असे विचारल्यावर मात्र त्या बोलू लागल्या. मुलगा वाळपईला परत गेला होता, उपाशी राहायचे हे सांगितले होते पण पाणीही पिऊ नये हे कोणी सांगितले नव्हते, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेने ते सांगितले, आणि रात्री एका सिस्टरने येऊन नुसता कपाळावर हात ठेवला तेव्हा झोप लागली. माहितीतली उणीव, नातेवाइकांच्या गैरहजेरीत शेजाऱ्यांनी भरून काढलेली जागा आणि कोणत्याही रजिस्टरमध्ये न येणारी शुश्रूषा, या तिन्ही गोष्टी त्या एका उत्तरात होत्या.

आराखड्याची दुसरी अडचण त्याच्या रचनेत आहे. तू रुग्णांच्या मुलाखती पहिल्या वर्षी आणि कर्मचाऱ्यांच्या दुसऱ्या वर्षी घेणार आहेस, म्हणजे हाती दोन वेगळी गाऱ्हाणी येतील. रुग्ण म्हणतील की सिस्टर नीट बोलत नाहीत, सिस्टर म्हणतील की माणसे कमी आहेत. दोन्ही म्हणणी तुला आजही ठाऊक आहेत. त्यासाठी संशोधन कशाला हवे? त्याऐवजी एकच प्रसंग निवड आणि त्यातल्या सगळ्यांना त्याच आठवड्यात त्याविषयी विचार. माझी सूचना अशी की डिस्चार्जचा दिवस घे. सकाळच्या राऊंडला मोठे डॉक्टर ‘आज घरी’ म्हणून पुढे जातात आणि त्या क्षणी रुग्णाच्या मनाने तो घरी पोहोचलेला असतो. प्रत्यक्षात रेसिडेंट डॉक्टरला कार्ड लिहायला दुपार होते, कारण मधे दोन नवे रुग्ण दाखल झालेले असतात. कार्ड हाती येते ते नेमके सिस्टरांची पाळी बदलण्याच्या सुमारास. जाणारी सिस्टर हँडओव्हर देत असते, येणारीला रुग्ण माहीत नसतो, आणि कोणती गोळी जेवणाआधी व कोणती नंतर हे सांगण्याचे काम त्या दोघींच्या मधल्या फटीत पडते. नातेवाईक गाडी ठरवायला गेलेला असतो किंवा कदंबाची बस चुकेल म्हणून घाई करत असतो. औषधे कशी घ्यायची हे ज्याला सांगितले जाते तो बऱ्याचदा घरी औषधे देणारा माणूसच नसतो. घरी देणारी सून त्या वेळी तिथे नसते. हे सारे कोणाच्याही उद्धटपणामुळे घडत नाही, हे तुला रुग्ण, सून, रेसिडेंट आणि दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर या सर्वांचे एकाच डिस्चार्जविषयीचे बोलणे शेजारी ठेवल्यावर दिसेल. मुलाखतींची संख्या कमी झाली तरी चालेल.

आकडे आणि अनुभव यांत भांडण आहे असे मात्र मानू नकोस. गोव्यातच ‘मानस’ नावाचा एक मोठा प्रयोग झाला. १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने अशा २४ ठिकाणी नैराश्य व चिंतेच्या विकारांसाठी खास प्रशिक्षण दिलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांची मदत देऊन पाहण्यात आली. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले: सरकारी केंद्रांत फायदा स्पष्ट दिसला, खासगी दवाखान्यांत दिसला नाही. हा फरक आकड्यांनी दाखवला. पण दोन्हीकडे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात एरवी काय घडत असते, समुपदेशक आल्याने त्यात काय बदलते, हे समजून घ्यायचे तर जवळ बसून ऐकावेच लागते.

आता ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सांगतो. गोवा लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, आणि इथे आडनाव, वाडा व देऊळ सांगितले की माणूस ओळखला जातो. मोठ्या राज्यात ‘तालुक्याच्या ठिकाणच्या सरकारी केंद्रातील स्त्रीरोगतज्ज्ञ’ असे लिहिले तर नाव झाकले जाते. काणकोण किंवा पेडणे असे लिहिलेस तर तू जवळपास नावच छापले असे होईल. म्हणून केवळ नाव बदलून थांबू नकोस. तालुका, वय, पद आणि आजार यांपैकी काय काय गाळावे लागेल हे प्रत्येक उताऱ्यासाठी वेगळे ठरव आणि शक्य असेल तिथे त्या माणसालाच तो उतारा वाचून दाखव. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांत हाताखालच्या कर्मचाऱ्यांचाही दुर्बल स्थितीतील सहभागींमध्ये विचार केला आहे, आणि तो योग्यच आहे. मेट्रननी बोलावून ‘हिला मुलाखत दे’ असे सांगितलेल्या सिस्टरची संमती ही संमती नव्हे. तिला वॉर्डबाहेर, तिच्या सोयीच्या वेळी, वरिष्ठांना न कळता ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. नैतिकता समितीची परवानगी मिळाल्याने ही जबाबदारी संपत नाही.

भाषेविषयी थोडेच सांगतो. बहुतेक जण तुझ्याशी कोकणीत बोलतील, दोडामार्ग-सावंतवाडीकडून बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आलेले मालवणीत, आणि कामासाठी आलेल्या मजुरांपैकी काही कन्नड किंवा हिंदीत. शब्दशः उतारा बोललेल्या भाषेतच ठेव. मराठी केवळ विश्लेषणाच्या पायरीवर आण. माहितीपत्रक ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखव आणि अंगठा घेताना रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार जवळ असू दे. शिवाय इतर राज्यांतून उचललेल्या प्रश्नावलीतले आशा सेविकांविषयीचे प्रश्न काढून टाक, कारण ती योजना गोव्यात राबवली गेलेली नाही. इथे घरोघरी जाणाऱ्या एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) आणि आरोग्य कर्मचारी यांच्याविषयी विचार.

सिस्टरांशी बोलताना त्यांच्या थकव्यावरच सगळा भर देऊ नकोस, अशी माझी विनंती आहे. कामाचा ताण विचारलास की ताणच ऐकू येईल. एखाद्या रुग्णासाठी जे करायचे होते ते करता आले असा अलीकडचा दिवस कोणता, आणि त्या दिवशी काय वेगळे होते, हेही विचार. अनुभवी परिचारिका याचे उत्तर फार नेमके देतात: त्या दिवशी अटेंडंट हजर होता, औषधे वेळेवर वर आली होती, नवा रेसिडेंट विचारल्याशिवाय निघून गेला नव्हता. सुधारणा कुठून सुरू करावी हे प्रशासनाला सांगताना अशी वाक्ये कोणत्याही आलेखापेक्षा उपयोगी पडतात. प्रबंध विद्यापीठात जमा करण्यापूर्वी निष्कर्ष त्या वॉर्डात जाऊन सांग, आणि तिथे कोणी हरकत घेतली तर तीही प्रबंधात लिही.

नवा आराखडा करण्याआधी एक डिस्चार्ज पूर्ण पाहा, राऊंडपासून रुग्ण गाडीत बसेपर्यंत, तोही फक्त वही घेऊन आणि अर्थातच परवानगी काढून. ती टिपणे, नावे गाळून, मला पाठव. प्रश्नावलीचे त्यानंतर बघू.

तुझा,
एक शिक्षक